ओलाव्याचा आकडा

जळगावहून पॅसेंजर. मांडीवर खोका,
खोक्यात ओलावा मोजायचं यंत्र,
यंत्रावर शिक्के: एक विद्यापीठाचा,
एक लुणावतांच्या मसाला कारखान्याचा,
तिसऱ्या जागी नुसता गोल,
कारण महिला गटाचा शिक्का अजून बनलाच नव्हता.
दोंडाईच्यापर्यंत कुणी ना कुणी खोक्यावर कोपर टेकत राहिलं.
"काय से यामा?"
मिरची ओली की सुकी, ते सांगतं.
"एवढासाठे मशीन?" म्हातारा हसला
आणि खिडकीकडे वळून पुन्हा हसला.

नंदुरबारला पथारी आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना.
उखाबाई भोई देठ खुडत होत्या,
बोटांना तेल, किलोमागे मजुरी.
भारंबे मॅडमनी शिकवलेलं मी धडाधड म्हटलं:
करार त्रिपक्षीय आहे, आपण भागीदार आहात.
नाकावरचा पदर न काढता त्या म्हणाल्या,
"भागीदार म्हंजे? काटा कोना हातमा ऱ्हाई?"
मला वाटलं, गंमत करतायत.

यंत्र म्हणालं, दहा टक्के. पोत्यात भरा.
उखाबाईंनी तीच मिरची कानाशी नेली, हलवली,
बंद पडलेलं घड्याळ हलवून बघावं तशी.
"आजून नही. बी बोलत नही."
चिरली.
साल वाळून कागद झालेली,
आणि देठाखाली, गाभ्यात,
लपवून ठेवल्यासारखी ओल.

तीनशे चाळीस मिरच्या. इकडे यंत्र, तिकडे कान.
कान तीनशे अकरा वेळा बरोबर.
यंत्राचं इथे लिहीत नाही, मॅडमना आवडणार नाही.
मग आम्ही सुई देठाखाली टोचू लागलो
आणि माघ सरता सरता
यंत्र उखाबाईंसारखं बोलू लागलं.

मार्चात बैठक. केळीचे वेफर्स, चहा, पडदा.
लुणावतांनी आकडे मांडले: बुरशी कमी, परत येणारा माल कमी.
मॅडमनी शोधनिबंधाचं लांबलचक नाव वाचलं,
त्यात माझंही नाव होतं, चौथं.
टाळ्या थांबल्यावर उखाबाई उठल्या.
"वायनी का मिरची हलकी व्हस.
किलोवर मजुरी.
मंग मन्ही मजुरी बी वायनी ना?"

लुणावतांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे,
मी यंत्राकडे.
चार दिवस जास्तीचं ऊन
कुणाच्या तरी काट्यातून वजा होतं,
हे आमच्या बावीस पानांत कुठेच नव्हतं.
पाण्याचा हिशेब आम्ही दशांशापर्यंत केला होता,
पाणी कुणाच्या नावावर होतं तेवढं विचारलं नव्हतं.

लुणावत वाईट माणूस नाही.
पुढच्या हंगामात बघू म्हणाले, आणि चहा पुन्हा मागवला.
मॅडमनी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या,
दुसरी इतकी जोरात की कागद फाटला.
उखाबाईंनी वेफर्स रुमालात बांधले.
परत जाताना जीपमध्ये त्यांनी मला विचारलं,
तुला पगार किती, आणि तो कुठल्या काट्यावर?
मी विद्यावृत्तीचा आकडा सांगितला,
सात महिने थकलाय, हेही सांगितलं.
त्यांनी मान हलवली, जणू माझ्यातली बी ऐकली.

आता अहवाल भरतोय.
सामुदायिक भागीदार: श्रीमती उखाबाई भोई.
हुद्दा:
मी लिहिलं, कान.
कार्यालयातून परत आला, लाल शाईत,
'योग्य हुद्दा नमूद करावा.'

मी तसाच पुन्हा पाठवलाय.
सोबत पुरवणी, एका ओळीची:
मजुरी वाळण्याआधीच्या वजनावर धरावी.
पुरवणीला एक मिरची टाचली आहे, पूर्ण वाळलेली,
उखाबाईंनी स्वतः निवडून दिलेली.

फाइल सध्या कोणत्या टेबलावर आहे, कुणी सांगत नाही.
फक्त आवक-जावकच्या खोलीत
हल्ली सगळे शिंकतात म्हणे.